उघड्या डोळ्यांची झोप

शकूवहिनी आमच्या घरात आली तेव्हा तिचे डोळे लहान होते, हे आज कुणाला सांगितलं तर पटायचं नाही. हसली की ते मिटूनच जायचे. दादाच्या लग्नाचा एकच फोटो माझ्याकडे आहे, त्यातही तिचे डोळे मिटलेले आहेत. फोटोग्राफरने काहीतरी गंमत केली असावी आणि नेमकं त्या क्षणी तिला हसू आलं असावं. तो फोटो वाया गेला म्हणून आई तेव्हा बरीच चिडली होती.

आमचं गाव चोपड्यापासून जवळच, तापीच्या अंगाचं. घर धाब्याचं, पुढे ओटा, मागे गोठा. घरात माणसं मोजकी. आबा, आई, दादा, वहिनी आणि मी. दादाचा दिवस केळीच्या बागेत जायचा, मी चोपड्याला कॉलेजात जात होते. वहिनीचं माहेर धुळ्याजवळचं. तिच्या हातच्या कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीची चव आमच्या घरात कुणालाच साधली नाही, आईलासुद्धा नाही, आणि आई ते उघडपणे बोलून दाखवायची. सकाळी चुलीवर मिरच्या भाजल्या जायच्या, पाट्यावर ठेचा रगडला जायचा, आणि त्या तिखट धुरात बसूनही वहिनी गुणगुणत असायची. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पाळणा हलला नव्हता, पण त्यावरून आमच्या घरात तिला कुणी बोललं नाही. बाहेर बोलत असतील.

पहिल्यांदा लक्षात आला तो आवाज. एका हिवाळ्यात वहिनी ओट्यावर तूर निवडत बसली होती. मधेच ती थांबली, हात मांडीवर ठेवून रस्त्याकडे बघत राहिली, तरी तिच्या बांगड्या वाजतच होत्या. बारीक, सतत, जणू कुणीतरी आतून तिला हलवतंय. आईने चुलीपुढून विचारलं, "काय करी राहिनी व शकू?" ती सासूला आत्या म्हणायची. म्हणाली, "काई नही आत्या, बठेल शे." पुढे पुढे तो आवाज घरभर ऐकू यायला लागला. ती कुठे आहे हे न बघता कळायचं. थंडीत आम्ही गोधड्या पांघरून बसायचो आणि ती दाराजवळ, गार फरशीवर, "आंग भाजस" म्हणत पदराने वारा घ्यायची. जेवायला बसली की आबांच्या बरोबरीने भाकरी खायची आणि दर महिन्याला तिचं पोलकं मला दंडात आत घेऊन शिवून द्यावं लागायचं. इतकं खाऊन ही बाई जाते कुठे, असं आई एकदा माझ्याशी कुजबुजली. ते ऐकून मी हसले, पण आई हसत नव्हती.

मग डोळे. ते एका दिवसात झालं नाही, म्हणून घरातल्यांना उशिरा कळलं आणि बाहेरच्यांना लवकर. बुबुळाच्या वरचा पांढरा भाग दिसायला लागला. आपल्या कुणाचा तो दिसत नाही, पापणी तो झाकून ठेवते. तो दिसला की माणूस सतत काहीतरी भयंकर बघत असल्यासारखं वाटतं. वहिनी दळण निवडत असली तरी, उष्टी काढत असली तरी, तिच्या चेहऱ्यावर तेच. शिवाय तिने मान न हलवता नजर खाली नेली तरी वरची पापणी तिच्याबरोबर उतरायची नाही. ती पायाकडे बघत असायची आणि समोरच्याला वाटायचं आपल्याकडे बघतेय.

उन्हाळा लागला. खानदेशातली दुपार ज्यांनी पाहिली नाही त्यांना ती सांगून कळत नाही. बाहेर झळा, गल्लीत चिटपाखरू नाही, धाब्यावरचं माकडही कुठेतरी सावलीत. घरंच्या घरं दारं ओढून झोपलेली. अशा एका दुपारी मी तहान लागून उठले. मधल्या खोलीत वहिनी चटईवर निजली होती. श्वास संथ, तोंड किंचित उघडं. आणि दोन्ही डोळे उघडे. बुबुळं वर गेलेली, फक्त पांढरं दिसत होतं, खालच्या कडेला लाल. मी हाक मारली. ती हलली नाही. एक माशी तिच्या गालावरून चालत चालत पापणीच्या काठाशी गेली, आणि पांढऱ्यावर जाऊन बसली. वहिनीला कळलंही नाही. ती झोपेत होती.

मी आईला उठवलं. आई येऊन दारात उभी राहिली. मग तिने वहिनीच्या शेजारी बसून पदराने माशी उडवली आणि तशीच बसून राहिली, वहिनी जागी होईपर्यंत. मला एवढंच म्हणाली, "कोणले सांगू नको."

मी सांगितलं नाही. पण गावाला माझ्या सांगण्याची गरज नव्हती. त्या दिवसांत गल्लीतल्या बायका एकमेकींकडे बिबड्या करायला जायच्या. ज्वारीचा चीक शिजवायचा आणि धाब्यावर पांढऱ्या धोतरांवर बिबड्या थापायच्या, उन्हात, बोलत बोलत. दरवर्षी वहिनीला आधी हाक यायची, तिचा हात हलका म्हणून. त्या वर्षी आली नाही. समोरच्या काशीअक्काच्या धाब्यावरून बोलणं ऐकू येत होतं आणि वहिनी आमच्या ओट्यावर बसून ऐकत होती. ती बाहेर आली की तान्ह्या पोरांच्या तोंडावर पदर यायचे. गिरणीत दळण घेऊन गेली की रांग आपोआप मोकळी व्हायची, सगळ्यात आधी तिचं दळून द्यायचे, म्हणजे ती लवकर जाईल. दादा बागेतल्या खोपीत मुक्कामाला राहायला लागला. केळीला पाणी द्यायचंय म्हणायचा. पाणी तर दरवर्षीच द्यावं लागायचं.

काशीअक्काचा नातू काही महिन्यांचा होता. त्याला ताप आला, तो दूध घेईना. तेव्हा तो शब्द पहिल्यांदा आमच्या दारापर्यंत आला. डाकीन. कुणी तोंडावर म्हटला नाही. भिंतीपलीकडून म्हटला.

त्याच आठवड्यात वहिनीने मला ते सांगितलं. मी ओट्यावर उभी राहून वेणी घालत होते, ती खाली पायरीवर बसली होती. वर बघून ती हळूच म्हणाली, "ताई, हालू नका."

"का वहिनी?"

"तुमना डोकावर आखो एक डोकं शे. तुमनंच. तेबी वेणी घाली ऱ्हायनं."

माझे हात जागच्या जागी थांबले. तिने पुढे सांगितलं ते इतक्या साध्या आवाजात की मला रडता येईना. बरेच दिवस झाले, तिला माणसं दोन दिसत होती. वर बघितलं की प्रत्येकाच्या वर त्याचंच दुसरं माणूस, थोडं सरकलेलं, थोडं फिकं. आबा दारात आले की दोन आबा. देवळाच्या कळसावर दुसरा कळस. रात्रंदिवस छातीत कुणीतरी पळत असल्यासारखं धडधडायचं. "माले वाटस," ती म्हणाली, "त्या लोके खोटं नही बोलतस. मन्हामा कोनीतरी शे. ते मन्हा डोयातून बाहेर देखस."

मी तेव्हा सतरा वर्षांची होते, शास्त्र शाखेला होते, बेडूक कापलेला होता. तरी त्या दुपारी मी मान वर करून माझ्या डोक्यावर काय आहे ते बघितलं.

काशीअक्काच्या घरच्यांनी कुठल्यातरी गावाहून भगत आणला. त्याने नातवाला बघितलं, धान्याचे दाणे मांडले आणि सांगितलं की, अवसेला भर दुपारी त्या बाईला आणा. निखाऱ्यावर मिरच्या टाकू, तिला त्यात बघायला लावू, तिच्यात काय आहे ते बोलेल. काशीअक्काचा मुलगा आमच्याकडे निरोप घेऊन आला. तो वाईट माणूस नव्हता. पोर आजारी होतं. आबांनी मान खाली घातली. दादा गोठ्याच्या दाराशीच उभा राहिला. बोलली ती वहिनी, आतल्या खोलीतून. "मी जास. माले बी समजू द्या."

आई चुलीपुढून उठली. तिलाही भीती वाटत होती, हे मला माहीत आहे. गेले कित्येक दिवस ती वहिनीच्या पुढ्यात दूध उघडं ठेवत नव्हती, आणि निजताना माझ्या उशाखाली विळा ठेवत होती. पण ती त्या मुलाला म्हणाली, "तिले आखाजीले माहेरले जानं शे. अवसले ती आठे नही." आणि तो गेल्यावर आबांना म्हणाली, "आजनी गाडी धरा. तिना भाऊले लई या."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात, ही आमच्याकडची रीतच. भाऊ घ्यायला येतात. वहिनीचा भाऊ सुदाम एरवी अवसेनंतरच आला असता. आबा त्याला दुसऱ्या दिवशीच घेऊन आले. बहिणीला बघून तो क्षणभर उंबऱ्यातच थांबला, मग आत आला आणि तिच्या हातातली पिशवी घेतली. आम्ही एसटीच्या थांब्याकडे निघालो तेव्हा दुपार कलली होती. गल्लीतल्या बायका ओट्यांवर होत्या. कुणी काम करत नव्हतं. काशीअक्का तिच्या दारातून आईला म्हणाली, अगदी शांतपणे, समजावल्यासारखं, "बरं करं. आते परत आनू नका तिले."

आई थांबली. मी तिच्यामागे होते, वहिनीला निरोप द्यायला म्हणून आलेले, अंगावर घरचं परकर-पोलकं. आईने माझं मनगट धरलं आणि मला पुढे ओढून वहिनीच्या शेजारी उभं केलं.

"मन्ही पोर तिना संगे जाई," ती काशीअक्काला म्हणाली. "तिनाच जोडे खाई, तिनाच जोडे झोपी. आखाजी करीसन दोन्ही संगेच परत येतीन."

लग्न न झालेली, तिची एकुलती एक मुलगी होते मी. आईचा हात गार पडला होता आणि तिची पकड इतकी घट्ट होती की मनगटावर बोटं उमटली. तिने मला विचारलं नव्हतं. मला जायचं नव्हतं, खरं तर. पण वहिनीने माझ्याकडे बघितलं, त्या रुंद, न लवणाऱ्या डोळ्यांनी, आणि त्यांतून पाणी वाहत होतं. ते रडणं होतं की डोळेच वाहत होते, तेव्हा ओळखू यायचं नाही. मी गाडीत चढले. अमळनेरला गाडी बदलताना आमच्या पुढच्या बाकावरचं एक लेकरू मागे वळलं, वहिनीकडे बघून टाहो फोडला, आणि त्याची आई त्याला घेऊन दुसरीकडे जाऊन बसली. त्यानंतर धुळ्यापर्यंत वहिनीने पदर तोंडावरून काढला नाही.

वहिनीच्या आईने दार उघडलं आणि म्हटलं, "कोन शे?" लेक समोर उभी होती.

आखाजीचे झोके लिंबाला बांधले होते, पोरी गाणी म्हणत होत्या. आम्ही झोक्यापर्यंत पोचलोच नाही. दुसऱ्या दिवशी वहिनीचा डावा डोळा लालबुंद झाला, उजेड सहन होईना, बुबुळावर एक पांढरा ठिपका दिसायला लागला. ती भिंतीकडे तोंड करून बसली आणि दुखतंय म्हणून कण्हायला लागली. सुदामभाऊ म्हणाला, देवधर्म मागून बघू, तोवर डोळा जाईल. त्याने आम्हाला धुळ्याला डोळ्यांच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. खोली लहान, पंखा कुरकुरणारा, भिंतीवर अक्षरांचा तक्ता. बाई वयस्कर होत्या, डोक्याला तेल लावून घट्ट अंबाडा घातलेला. त्यांनी आधी थेंब घालून दुखणं कमी केलं. मग म्हणाल्या, "आता पाण्याचा घोट घ्या. गिळा." आम्हाला काही कळेना, डोळा दुखतोय आणि या पाणी पाजतायत. वहिनीने घोट घेतला तेव्हा तिच्या गळ्याच्या खाली काहीतरी गुबगुबीत वर सरकलं आणि खाली आलं. इतके महिने एका घरात राहून मी ते पाहिलं नव्हतं. आम्ही सगळे डोळ्यांकडेच बघत होतो.

बाईंनी तिचे हात समोर धरायला लावले आणि बोटांवर एक कागद ठेवला. कागद थरथरत राहिला. त्यांनी विचारलं, "दोन दोन दिसतं का?"

वहिनी अगदी हळू म्हणाली, "माणसं दिसतस."

"वर बघा. माझं बोट. किती?"

"दोन."

बाईंनी आपल्या तळहाताने तिचा उजवा डोळा झाकला. "आता?"

मला त्या खोलीतला पंख्याचा आवाज अजून आठवतो. वहिनी बराच वेळ वर बघत राहिली. मग तिने बाईंचा हात आपल्या हाताने काढला, परत स्वतःच ठेवला, परत काढला. माझ्याकडे वळून तिने तसंच केलं. शेवटी म्हणाली, "एकच." आणि तिथेच, डॉक्टरांच्या स्टुलावर, ती जी रडायला लागली ती थांबेचना. बाई म्हणाल्या, रडू द्या, तेवढाच डोळा ओला राहील.

त्यांनी समजावलं ते मला जवळजवळ शब्दशः आठवतं, कारण परतल्यावर ते मला आईला सांगायचं होतं. गळ्यात थायरॉईड नावाची गाठीसारखी ग्रंथी सगळ्यांनाच असते. अंगातली चूल म्हणा. हिची भडकली आहे, म्हणून भूक, घाम, धडधड, थरथर. सुदामभाऊने विचारलं, कशाने भडकली? बाई म्हणाल्या, "आपल्या रक्तात राखणदार असतात. बाहेरून रोग आला तर त्याला मारतात. कधी कधी त्यांची ओळख चुकते. घरच्यालाच परकं समजतात. हिच्या राखणदारांनी आधी गळ्यातली ग्रंथी पेटवली, आता डोळ्यांमागच्या स्नायूंवर उठलेत. ते सुजलेत. डोळ्याच्या खोबणीला हाडाची भिंत. सूज मागे जाऊ शकत नाही, म्हणून डोळा पुढे येतो. एक स्नायू आखडला, म्हणून दोन दिसतात. पापणी पुरी मिटत नाही, म्हणून झोपेत डोळा वाळला आणि जखम झाली."

"राखणदार का चुकतस पन?" वहिनीने विचारलं.

"ते अजून कुणालाच नीट माहीत नाही," बाई म्हणाल्या.

आता मी तेव्हाच्या बाईंएवढी झाले आहे. माझी भाची, वहिनीचीच लेक, या विषयाची डॉक्टर आहे, आणि तिने मला ऑटोइम्यून हा शब्द, त्या चुकणाऱ्या प्रथिनांची नावं, डोळ्यामागच्या चरबीत नेमकं काय घडतं, हे सगळं कागदावर चित्र काढून दाखवलं. आता पुष्कळ कळलंय. पण वहिनीचा प्रश्न मी तिला विचारला तेव्हा तीही म्हणाली, तेवढं मात्र अजून नीट सांगता येत नाही. मला खरं सांगायचं तर भगताच्या निखाऱ्यांपेक्षा हे उत्तर जास्त भयाण वाटतं. बाहेरचं काही नव्हतं. अंगात दुसरं कुणी शिरलेलं नव्हतं. जे होतं ते तिचं स्वतःचंच होतं, आणि ते तिला ओळखत नव्हतं.

रक्त तपासायला मुंबईला पाठवलं. गळ्यासाठी गोळ्या सुरू झाल्या, सुजेसाठी दुसऱ्या, ज्यांनी वहिनीचं तोंड पुरीसारखं फुगलं. डाव्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात बाईंनी पापण्यांना टाके घालून त्या जोडून टाकल्या, म्हणजे डोळा लहान राहील आणि जखम भरेल. आणि रोज झोपताना, दुपारीही, मलम घालायचं, पापण्या बोटाने मिटायच्या आणि वरून चिकटपट्टी लावायची. बाईंनी ते मला शिकवलं. घरात विडी कोण ओढतं तेही विचारलं. धुराने हा आजार वाढतो म्हणाल्या. परतल्यावर मी आबांना सांगितलं, आणि त्यांनी विडीकाडी नेऊन गोठ्यात ठेवली, तिथेच बसून ओढायचे.

आखाजी होऊन बरेच दिवस झाल्यावर आम्ही परत आलो. दोघी संगे. काशीअक्काचा नातू तोवर बरा झाला होता, चोपड्याच्या डॉक्टरांच्या इंजेक्शनांनी. पण गल्लीचं म्हणणं असं की, वहिनी गेली म्हणून बरा झाला आणि धुळ्याकडे कुणीतरी तिच्यातलं काढून घेतलं, डोळा शिवून. आई त्यांच्याशी भांडली नाही. ती वहिनीला हाताशी घेऊन गिरणीत गेली आणि रांगेत उभी राहिली, आपला नंबर येईपर्यंत. हे तिने रोज केलं. तिला राखणदारांचं सगळं पटलं होतं असं मला वाटत नाही. उशाखालचा विळा मात्र मला परत दिसला नाही.

दादाचं वेगळं होतं. तो बागेतून घरी यायला लागला, पण वहिनी त्याच्याशी कामापुरतं बोलायची. औषधाची वेळ झाली की मी डोळे मिटून पट्टी लावायचे, मी कॉलेजात असले की आई. एकदा त्याने मलमाची नळी हातात घेतली, तेव्हा वहिनी म्हणाली, "ताईले करू द्या." तो नळी ठेवून बाहेर गेला. असं पुष्कळ दिवस चाललं. तिची थरथर गेली, अंग भरलं, छातीतलं पळणं थांबलं. दोन दिसायचं कमी झालं, तरी अगदी वर बघितलं की दिसायचं, ते कायमचंच राहिलं. डोळे थोडे मागे गेले, पहिल्यासारखे झाले नाहीत.

पावसाळ्यानंतर माझी परीक्षा होती आणि आई मामाकडे गेली होती. दुपारची जेवणं झाली. मी पुस्तक घेऊन ओट्यावर बसले होते. दादा केळीचे घड उतरवून आला होता, बोटांवर चिकाचे काळे डाग, ते धुऊन जात नाहीत. आत वहिनीने चटई टाकली. मला हाक येईल म्हणून मी पुस्तक मिटलं. हाक आली नाही. मी दारातून डोकावले. ती भिंतीला टेकून, चेहरा वर करून बसली होती, आणि दादा तिच्यापुढे गुडघ्यांवर, हातात मलमाची नळी. त्याने हात दोनदा धुतले असावेत, मनगटापर्यंत ओले होते.

"मिट," तो म्हणाला.

"त्या आपला आप मिटतस नही," ती म्हणाली. "तुमी मिटा."

त्याने एक बोट पुढे केलं. अगदी हळू. एक पापणी उतरली, मग दुसरी. तिचा चेहरा एकदम लहान झाला, लग्न होऊन आलेल्या मुलीसारखा. तो पट्टी लावायची विसरून तसाच बोटं ठेवून बसला. मी दार ओढून घेतलं.